ऑलिव्हच्या चोथ्यापासून वीज: स्पेनच्या हाएनचं प्रकरण आणि त्यातला पाण्याचा हिशेब

स्पेनच्या दक्षिणेला आंदालुसिया नावाचा प्रांत आहे आणि त्यात हाएन नावाचा जिल्हा. या एका जिल्ह्यात ऑलिव्हची सहा कोटींच्या वर झाडं आहेत. टेकडी संपली की पुढची टेकडी, सगळीकडे ऑलिव्हच, मधे दुसरं पीक जवळपास नाहीच. जगात सगळ्यात जास्त ऑलिव्ह तेल स्पेन काढतो, स्पेनमधलं साधारण ऐंशी टक्के आंदालुसियातून येतं आणि त्यात हाएन पहिल्या नंबरवर. तेलगिरण्या बऱ्याचशा सहकारी आहेत, शेतकरी सभासद, गावाची गिरणी, हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, म्हणजे आपल्याकडे साखर कारखान्याच्या गेटवर जे दिसतं तेच चित्र. गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतं आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतं.

आता तेल किती निघतं? 100 किलो ऑलिव्हमागे साधारण 20 किलो. उरलेल्या 80 किलोचं काय करायचं यावर तिथल्या लोकांनी गेली चाळीस वर्षं डोकं लावलंय, आणि त्यातूनच हा "कचऱ्यापासून अक्षय ऊर्जा" प्रकार उभा राहिला. याबद्दल जे लिहिलं जातं त्यात एक वाक्य ठरलेलं असतं, की चोथा जाळला आणि इतक्या हजार घरांना वीज मिळाली. मला ते वाक्य अपुरं वाटतं. बॉयलरशी ज्याचा संबंध आलाय त्याला माहितीये की इंधनाबद्दल पहिला प्रश्न "किती टन" हा नसतोच, "ओल किती" हा असतो. हाएनचं अख्खं प्रकरण त्या एका प्रश्नाभोवती फिरतं, म्हणून ते नीट उलगडून लिहितोय.

आधी काय होतं

जुन्या काळी ऑलिव्ह दगडी जात्यात भरडायचे, लगदा गोल चटयांवर पसरायचा, चटया एकावर एक रचून दाबायच्या. मग 1970 च्या दशकापासून डिकँटर आले, म्हणजे आडवा फिरणारा सेंट्रिफ्यूज, ज्यात लगदा घातला की तेल, पाणी आणि चोथा असे तीन वेगळे प्रवाह बाहेर पडतात. याला थ्री-फेज म्हणतात. मशीन झकास, काम सलग चालतं, मजूर कमी लागतात, पण त्यात लगद्याबरोबर गरम पाणी ओतावं लागतं, आणि 100 किलो ऑलिव्हमागे ढोबळमानाने 80 ते 120 लिटर काळपट सांडपाणी बाहेर येतं. तिथे त्याला अल्पेचिन म्हणतात.

हे अल्पेचिन भयंकर प्रकरण आहे. सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण मोजायचं माप, शहरी सांडपाण्याच्या शंभरपटीच्या वर, त्यात फळातली पॉलिफिनॉल नावाची द्रव्यं भरलेली, जी जिवाणूंनाच मारतात म्हणजे नेहमीच्या प्रक्रियेला दाद देत नाहीत, वर आम्ल आणि तेलाचा तवंग. आपल्याकडच्या डिस्टिलरीचा स्पेंटवॉश (दारू काढल्यावर उरणारं सांडपाणी) ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको, नदीत गेला की मासे वर येतात. आंदालुसियात ते सगळं ग्वादालकिविर नदीच्या खोऱ्यात जात होतं, आणि जायचं ते नेमकं चार महिन्यांत, सगळ्या गिरण्यांचं एकदम. शेवटी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने नदीत सोडायला बंदी घातली आणि उघड्या तळ्यांना अनुदान दिलं, की इथे साठवा आणि उन्हात वाळू द्या. अशी जवळपास हजारभर तळी झाली. नदी सुटली पण वास, डास, पाझर आणि तळ्यांच्या तळाशी साचणारा गाळ हे सगळं गावांच्या वाट्याला आलं.

मग 1991-92 च्या हंगामापासून टू-फेज डिकँटर आला. यात पाणी जवळपास घालावंच लागत नाही, आणि बाहेर दोनच प्रवाह येतात, तेल आणि ओला चोथा. सांडपाणी गायब! दुष्काळी प्रदेशात पाण्याचीही बचत. स्पेनमधल्या गिरण्यांनी काही वर्षांतच हे मशीन उचललं, आज तिथल्या बहुतेक गिरण्या टू-फेजवरच आहेत. इटली-ग्रीसमध्ये थ्री-फेज बराच काळ टिकून राहिला, स्पेनने मात्र पूर्ण उडी मारली.

पण ऑलिव्हच्या फळात स्वतःचं पाणी असतंच, ते कुठेतरी जाणारच. आधी ते वेगळं वाहून जात होतं, आता ते चोथ्यात बसलं. गिरणीवाल्याचा सांडपाण्याचा प्रश्न सुटला आणि चोथा घेणाऱ्याचा सुरू झाला, पुढची तीस वर्षं जे काही झालं ते सगळं याच बदलातून निघालंय.

अल्पेरुहो म्हणजे नक्की काय माल आहे

टू-फेजमधून जो चोथा येतो त्याला अल्पेरुहो म्हणतात. चोथा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर उसाचं चिपाड येतं, कोरडं, फुगीर, ढीग लावता येईल असं. हा तसला नाही. हा दाट शेणकाल्यासारखा असतो, जांभळट-तपकिरी रंगाचा, फावड्यावर टिकत नाही, ढीग लावला तर पसरतो. ट्रॉली वॉटरटाइट नसली तर रस्ताभर गळतो. पंपाने ढकलायचा म्हटलं तर त्यात कोयीचे टोकदार तुकडे आहेत ते पंप खातात, बेल्टवर न्यायचा म्हटलं तर चिकटतो, कारण फळातली साखर सगळी त्यातच असते. आणि ओल? साधारण 60 ते 70 टक्के.

आता साधा हिशेब मांडतो, आकडे ढोबळ आहेत पण दिशा बरोबर आहे. 100 किलो ऑलिव्ह, 80 किलो अल्पेरुहो, ओल 65 टक्के धरली तर त्यात 52 किलो पाणी आणि 28 किलो कोरडा माल. म्हणजे एक किलो कोरड्या मालामागे पावणेदोन किलोच्या वर पाणी. बगॅस, म्हणजे तेच उसाचं चिपाड, साधारण 50 टक्के ओलीचा असतो, म्हणजे किलोमागे एक किलो, आणि तो तसाच मिलवरून थेट भट्टीत जातो. अल्पेरुहो तसा भट्टीत गेला तर भट्टी विझेल.

म्हणून तो आधी 10 टक्के ओलीपर्यंत वाळवावा लागतो. म्हणजे 80 किलोचा 31 किलो करायचा, 49 किलो पाणी वाफ करून उडवायचं. एक किलो पाणी उडवायला नुसती सुप्त उष्णताच 2.26 मेगाज्युल लागते, वर माल तापवणं आणि ड्रायरमधले लॉस धरले तर प्रत्यक्षात साडेतीनच्या आसपास पकडा. म्हणजे 170 मेगाज्युल झाले. आणि हातात आलेल्या 31 किलो कोरड्या मालात ऊर्जा किती? किलोला 16 मेगाज्युल धरले तर 500 च्या आसपास. म्हणजे जेवढी ऊर्जा मिळणार त्यातली जवळजवळ एक तृतीयांश पाणी घालवण्यातच गेली, अजून टर्बाइन फिरलेलाही नाही.

हा एक हिशेब डोक्यात ठेवला की बाकीचं सगळं प्रकरण समजतं.

वाळवणी, आणि त्यासाठीची उष्णता कुठून आली

गिरण्या स्वतः वाळवत नाहीत. त्यांच्याकडे ना जागा ना भांडवल, आणि चार महिन्यांच्या हंगामात त्यांचा जीव तेलात गुंतलेला असतो. अल्पेरुहो टँकर भरून जातो तो चोथा-कारखान्यांकडे. हे कारखाने कमी आहेत, मोठे आहेत, आणि एकेक कारखाना कितीतरी गिरण्यांचा माल घेतो. कोर्दोबा जिल्ह्यातली एल तेखार ही तर गिरण्यांनीच मिळून काढलेली सहकारी संस्था आहे, तिने या धंद्यात फार आधीपासून काम केलं आणि पालेन्सियाना आणि बाएना इथे चोथ्यावर चालणारे वीज प्रकल्प उभे राहिले ते तिच्याच पुढाकाराने.

कारखान्यात आल्यावर माल आधी मोठ्या तळ्यांत साठतो, कारण येतो तो चार महिन्यांत आणि प्रक्रिया करायची वर्षभर. महिनोन् महिने पडून तो आंबतो. 4-इथाइलफेनॉल नावाचं संयुग तयार होतं, त्याचा उग्र वास लांबपर्यंत जातो, उन्हं तापायला लागली की आसपासच्या गावांची डोकी दुखतात. मग माल परत एकदा सेंट्रिफ्यूजमधून जातो, राहिलेलं थोडं तेल निघतं, आणि मग ड्रायर. हा ड्रायर म्हणजे लांबलचक फिरता ड्रम. एका टोकाला चारशे डिग्रीच्या वरचे गरम वायू सोडायचे, आत पाती माल उचलून उचलून खाली सोडत राहतात. चिकट माल असल्यामुळे त्याचे गोळे होतात, गोळा बाहेरून करपतो आणि आत ओलाच राहतो. ऑपरेटरचं सगळं कौशल्य तिथे असतं, किती वाळलेला माल परत ओल्यात मिसळायचा म्हणजे गोळे होणार नाहीत, ड्रम किती वेगाने फिरवायचा, आणि ठिणगी पडून आतला माल पेटणार नाही हे कसं बघायचं.

गरम वायू कुठून आणायचे याला दोन उत्तरं निघाली. एक, वाळलेलाच चोथा जाळायचा. दुसरं, आणि हे मला या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, नैसर्गिक वायूवर चालणारा टर्बाइन लावायचा, त्याची वीज ग्रिडला विकायची आणि एक्झॉस्टच्या गरम वायूंनी चोथा वाळवायचा. अशी वीज आणि उष्णता एकत्र काढण्याला, म्हणजे कोजनरेशनला, सरकारी दर चांगला मिळत होता, त्यामुळे बऱ्याच कारखान्यांनी हेच केलं. तांत्रिकदृष्ट्या सुंदर व्यवस्था आहे, टर्बाइनची वाया जाणारी उष्णता कामाला लागते. पण याचा अर्थ असाही होतो की पुढे "अक्षय" म्हणून जे इंधन भट्टीत जातं त्याचा बराच भाग आयात गॅसवर वाळलेला असतो. हे लपवलेलं नाही, सगळ्यांना ठाऊक आहे, पण घरांच्या संख्येच्या बातम्यांमध्ये ते कधी येत नाही आणि यायला पाहिजे.

पोमेस ऑइल आणि 2001 चा झटका

वाळलेल्या चोथ्यात अजून थोडं तेल असतं. ते हेक्सेन नावाचं द्रावक वापरून काढतात, अगदी आपल्या सोयाबीनच्या सॉल्व्हंट प्लांटसारखं. निघालेलं तेल रिफाइन करून, त्यात थोडं व्हर्जिन तेल मिसळून जे विकतात ते म्हणजे ऑलिव्ह पोमेस ऑइल, मुंबई-पुण्याच्या दुकानांत "भारतीय स्वयंपाकाला, तळणाला चालेल" म्हणून जो स्वस्तातला ऑलिव्हचा डबा मिळतो तोच. म्हणजे तो डबा आणि ही वीज एकाच कारखान्यातून निघतात, आणि एकाचा धंदा बसला की दुसऱ्याला धक्का लागतो.

तसा तो 2001 च्या जुलैमध्ये बसला. पोमेस ऑइलमध्ये बेन्झोपायरीन सापडलं, जे कॅन्सरकारक आहे, आणि स्पेनच्या आरोग्य मंत्रालयाने माल बाजारातून मागे घ्यायला लावला. मर्यादा ठरली किलोला 2 मायक्रोग्रॅम. आलं कुठून? ड्रायरमधून. धुरकट ज्वलनाचे वायू थेट मालावर, वर चिकट गोळे करपणार, मग असली संयुगं तयार होणारच. नंतर ड्रायरचं तापमान आणि ज्वलन सुधारलं, रिफायनिंगमध्ये ॲक्टिव्हेटेड कार्बन आला, आणि तेल मर्यादेत बसायला लागलं. पण बाजारातला भरवसा परत मिळवायला वेळ लागला. मुळाशी परत पाणीच. माल कोरडा असता तर इतकी भाजाभाजी करायची गरजच नव्हती.

16 मेगावॅटचा प्लांट

तेल काढून झाल्यावर जे उरतं, सोयाबीनवाले ज्याला डीओसी (तेल काढलेली पेंड) म्हणतात तसं, त्याला तिथे ओरुहियो म्हणतात. कोरडा, भुरभुरीत, काळपट-तपकिरी भुसा. हेच शेवटी बॉयलरचं इंधन.

हाएन जिल्ह्यात विल्यानुएवा देल आर्थोबिस्पो नावाचं गाव आहे, आठेक हजार वस्तीचं, मागे काथोर्ला-सेगुराचे डोंगर. तिथे 2002 पासून ला लोमा नावाचा 16 मेगावॅटचा प्लांट चालतो. आधी एन्देसा या वीज कंपनीच्या गटाकडे होता, 2017 मध्ये एन्से नावाच्या कंपनीने घेतला. याच्या बरोबरीचा आणखी एक 16 मेगावॅटचा प्लांट सियुदाद रेआल जिल्ह्यात विल्यार्ता दे सान हुआन इथे आहे.

16 मेगावॅटला इंधन किती लागत असेल? हा माझा हिशेब, कंपनीचा आकडा नाही. अशा आकाराच्या प्लांटची एफिशियन्सी 27 टक्के धरा, म्हणजे भट्टीत जवळपास 60 मेगावॅट उष्णता घालावी लागते, तासाला 13-14 टन ओरुहियो, वर्षाला साडेसात हजार तास चालला तर एक लाख टन. त्यातून 12 कोटी युनिट वीज. एक लाख टन ओरुहियो मिळवायला, कोयीचा काही भाग आधीच काढलेला धरून, चार लाख टनांच्या आसपास ऑलिव्ह गाळावे लागतील. एका मध्यम प्लांटला अख्ख्या परिसराचा हंगाम लागतो हे यातून दिसतं. याच कारणाने असे प्लांट ऑलिव्हच्या पट्ट्यातच उभे राहिले, लांबून इंधन आणायचं म्हटलं तर डिझेलमध्येच पैसा जाईल.

बॉयलर चालवणं पण सोपं नाही. ओरुहियोच्या राखेत पोटॅशियम भरपूर. पोटॅशियमवाली राख कमी तापमानाला मऊ होते, मग ट्यूबांवर थर चढतो, भट्टीच्या तळाशी खडे धरतात, आणि क्लोरीन असलं तर सुपरहीटरच्या ट्यूबा खाल्ल्या जातात. आपल्याकडे भाताचं तूस किंवा कापसाच्या पऱ्हाटी जाळणाऱ्यांनी हे दुखणं वेगवेगळ्या रूपात भोगलंय. म्हणून वाफेचं तापमान कोळशाच्या प्लांटइतकं चढवत नाहीत, आणि म्हणूनच एफिशियन्सी पंचवीस-सत्तावीसच्या घरात अडकते. म्हणजे आधी एक तृतीयांश वाळवणीत, मग राहिलेल्यातला चौथा हिस्सा वीज. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही, पर्याय काय होता ते वर सांगितलंच आहे, पण आकडे असे आहेत.

राखेला मात्र किंमत आहे, त्या पोटॅशियममुळेच. खत म्हणून ती परत बागेत जाऊ शकते, आणि ऑलिव्हला पोटॅश लागतोच.

पैसा

हे सगळं उभं राहिलं ते दरावर. 1998 आणि 2007 च्या सरकारी आदेशांनी बायोमास आणि कोजनरेशनच्या विजेला बाजारभावाच्या वर पैसे मिळण्याची सोय केली, आणि बँकांनी त्याच्यावर कर्ज दिलं. जानेवारी 2012 मध्ये सरकारने नवीन प्रकल्पांचे प्रीमियम थांबवले, 2013-14 मध्ये चालू प्रकल्पांचीही पद्धत बदलली, आता "वाजवी परतावा" धरून पैसे मिळणार. नवे प्लांट येणं जवळपास थांबलं. ज्यांनी जुन्या दराचा हिशेब धरून कर्ज काढलं होतं त्यांचं गणित कोलमडलं. बरं-वाईट दोन्ही बाजू आहेत, स्पेनच्या वीज क्षेत्राची तूट तेव्हा डोंगराएवढी झाली होती हेही खरंय, पण वीस-पंचवीस वर्षं चालणाऱ्या यंत्राचे नियम दहा वर्षांत दोनदा बदलले तर पुढचा माणूस पैसे टाकताना दहादा विचार करणार.

मग 2022 आलं. गॅसचे भाव आभाळाला भिडले. जूनमध्ये स्पेन-पोर्तुगालने वीजनिर्मितीच्या गॅसच्या भावावर मर्यादा आणणारी खास व्यवस्था लावली, पण कोजनरेशन तिच्यात बसत नव्हतं, आणि गॅस घेऊन वीज विकणं तोट्यात गेलं. देशभरात कोजनरेशन युनिट बंद पडायला लागली, त्यात चोथा वाळवणारीही होती. हंगाम तोंडावर, आणि वाळवणी बंद. चोथा-कारखान्याने माल घ्यायला नकार दिला तर गिरणीचं तळं काही दिवसांत भरतं, तळं भरलं की डिकँटर थांबवावा लागतो, आणि झाडावरचे ऑलिव्ह थांबत नाहीत. म्हणजे अख्ख्या देशाचं तेल अडकलं असतं ते चोथ्यापायी. शेवटी सप्टेंबरमध्ये सरकारने कोजनरेशनलाही त्या व्यवस्थेत तात्पुरतं यायची मुभा दिली.

ही घटना मला या प्रकरणाचा गाभा वाटते. चोथ्याची विल्हेवाट ही तेलधंद्याची शेवटची पायरी समजली जाते, पण ती थांबली की पहिली पायरी थांबते. आणि ती टांगलेली होती अल्जीरियाच्या पाइपलाइनच्या आणि एलएनजी जहाजांच्या गॅसच्या भावावर.

त्याच हंगामात दुसरा दणका बसला, दुष्काळाचा. 2021-22 ला स्पेनने जवळपास 14.9 लाख टन तेल काढलं होतं, 2022-23 ला ते साडेसहा लाखांच्या थोडं वर आलं, पुढच्या वर्षीही साडेआठ लाखांच्याच आसपास. तेल अर्ध्याच्या खाली म्हणजे चोथाही अर्ध्याच्या खाली. ऑलिव्हला एक वर्ष भरघोस आणि एक वर्ष हलकं अशी सवय आधीपासूनच आहे, त्यात आता हवामान. एकाच पिकाच्या चोथ्यावर बसलेला प्लांट अशा वर्षी काय जाळणार? म्हणून छाटणीचं लाकूड मिसळणं वाढलं. ऑलिव्हची छाटणी साधारण दोन वर्षांतून एकदा होते, आणि तो पालापाचोळा-फांद्या पूर्वी शेतातच पेटवून द्यायचे. ते गोळा करून, चिप्स करून बॉयलरला आणणं हे महाग काम आहे पण त्यात ओल कमी असते, आणि तळ्यात साठवायची भानगड नसते.

गावाची हवा

विल्यानुएवा देल आर्थोबिस्पोबद्दल आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. या छोट्या गावाची हिवाळ्यातली हवा आंदालुसियात वाईटातल्या वाईटात मोजली गेलीये. युरोपचा नियम असा की हवेतले बारीक कण, पीएम10, दिवसाच्या सरासरीने घनमीटरला 50 मायक्रोग्रॅमच्या वर वर्षात 35 पेक्षा जास्त दिवस जाता कामा नयेत. इथे ते गेले, आणि प्रांत सरकारला या गावासाठी हवा सुधारण्याचा खास आराखडा करावा लागला. कारणं एक नाही. डोंगराच्या कुशीत थंड हवा खाली साचून राहते, घराघरात शेकोट्या आणि स्टोव्ह ऑलिव्हच्या लाकडावर चालतात, शेतात छाटणी जळते, आणि जोडीला उद्योग. सगळा धूर ऑलिव्हचाच, फक्त वेगवेगळ्या चिमण्यांमधून.

मोठ्या प्लांटला फिल्टर लावता येतो, त्याचं मोजमाप होतं, दंड होऊ शकतो. घरातल्या स्टोव्हला यातलं काहीच नाही. बायोमास "स्वच्छ" की "घाण" हे इंधनावर कमी आणि कुठे, कशात, किती कोरडं जाळलं यावर जास्त ठरतं. पण गावातल्या माणसाला, ज्याच्या मुलाला दमा आहे त्याला, हा फरक सांगून उपयोग नाही, त्याला हवा सुधारलेली हवी. हा खर्च प्रकल्पाच्या फायद्याच्या यादीतून वजा झाला पाहिजे असं मला ठामपणे वाटतं.

कोय

या सगळ्यात एक गोष्ट मात्र मनापासून आवडण्यासारखी झालीये. अल्पेरुहो अख्खा वाळवण्याऐवजी गिरणीतच त्यातून कोयीचे तुकडे चाळून बाजूला काढायचे. मशीन लहान, फार भांडवल नाही. ऑलिव्हच्या वजनाच्या दहाएक टक्क्यांपर्यंत कोय हातात येते. ती लाकडासारखी, पाणी फारसं धरत नाही, थोडी वाळवली की तयार. किलोला साडेचार हजार किलोकॅलरीच्या आसपास, दाणा एकसारखा, ऑगरमधून (फिरत्या स्क्रूमधून) स्वतः सरकतो, राख कमी. गिरणी आधी स्वतःच्या बॉयलरला वापरते, कारण लगदा घोळवताना कोमट पाणी लागतंच, आणि उरलेली विकते. हाएन-कोर्दोबात शाळा, हॉटेलं, पोहण्याचे तलाव, अपार्टमेंटच्या हीटिंगला ती जाते, घरगुती वापरासाठी तिच्या दर्जाचं स्पॅनिश मानकही आहे. बॉयलर धड असेल तर उष्णतेचा ऐंशी-नव्वद टक्के उपयोग. विजेच्या सत्तावीसच्या शेजारी हे ठेवून बघा.

पण मेख अशी आहे की कोय काढून घेतली की चोथा-कारखान्याकडे जाणारा माल आणखी पातळ, आणखी चिकट, आणखी वाळवायला अवघड. गिरणीने मलई काढली आणि पाणी पुढे ढकलले, 1992 ला झालं तेच पुन्हा. त्यामुळे चोथा-कारखाने आणि गिरण्या यांच्यात दरावरून ताणाताणी होते, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

पाणी न उडवता काही होईल का

बायोगॅस हा सरळ विचार आहे. माल ओलाच टाकायचा, वाळवणी नाही. सेव्हिलच्या इन्स्तितुतो दे ला ग्रासामध्ये, ही 1947 पासूनची तेला-चरबीवर काम करणारी सरकारी संशोधन संस्था आहे, यावर भरपूर काम झालंय. अडचणी दोन. पॉलिफिनॉल मिथेनवाल्या जिवाणूंना दाबतात, आणि चोथ्यात नायट्रोजन कमी. म्हणून डुकरांचं किंवा कोंबड्यांचं शेणखत मिसळून चालवावं लागतं. चालतं, पण मग शेणखत जवळ पाहिजे आणि हाएनच्या डोंगरात सगळीकडे गोठे नाहीत. पॉलिफिनॉल आधी काढून घेतले, ज्यात हायड्रॉक्सीटायरोसॉलसारखं महागडं द्रव्य आहे, तर जिवाणूही खूष आणि पैसाही येतो, पण ती प्रक्रिया प्रत्येक गावात उभी राहणारी नाही.

दुसरा रस्ता कंपोस्टचा. अल्पेरुहो, ऑलिव्हची पानं आणि शेणखत यांचे लांब ढीग लावायचे, काही महिने उलटेपालटे करायचे. ऊर्जा शून्य. पण त्या उतारांवरची माती पावसात वाहून जाते, सेंद्रिय कर्ब संपत आलाय, तिथे हे परत जाणं मला विजेइतकंच मोलाचं वाटतं. काही सहकारी गिरण्या करतातही. जागा आणि वेळ लागतो म्हणून मोठ्या गिरण्यांना जमत नाही.

माझ्या मते क्रम असा लागतो. कोय आधी, आणि ती उष्णतेसाठी, विजेसाठी नाही. लहान गिरणीजवळ शेत असेल तर बाकीचं कंपोस्ट. शेणखत जवळ असेल तर बायोगॅस. आणि जो प्रचंड लोंढा यातल्या कशातच मावत नाही त्यासाठी वाळवणी आणि वीज, पण वाळवणी गॅसवर नाही, चोथ्यावर किंवा छाटणीवर, आणि जमेल तिथे आधी उन्हावर, कारण आंदालुसियात उन्हाळा जबरदस्त असतो आणि तळ्यातला माल उन्हाळ्यापर्यंत पडून असतोच. पातळ थरात पसरून काही टक्के ओल उन्हाने कमी झाली तरी वरच्या हिशेबात फरक पडतो: 65 टक्के ओलीच्या 80 किलोमध्ये 52 किलो पाणी असतं, तोच माल 55 टक्क्यांवर आला की 34 किलो उरतं. म्हणजे ड्रायरला उडवायच्या 49 किलोतले 18 किलो उन्हानेच गेले.

जागा मात्र प्रचंड लागते, आणि वासाचा प्रश्न आणखी उघड्यावर येतो. नवा ड्रायर घ्यायचा की जमीन घ्यायची, हा निर्णय तिथल्या प्रत्येक कारखान्याला आपापल्या गावाकडे बघून घ्यावा लागतो.